वलांडीच्या जागेवरचा मंडप

गावात सगळे त्याला साहेब म्हणतात. बोलायची वेळ आली तर मीही साहेबच म्हणते, पण ती वेळ माझ्यावर फारशी येत नाही. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, लहानपणापासूनच. हे मी माझ्यापुरतं लिहितेय, कोणाला दाखवायचं नाही, म्हणून इथे त्याला 'तो' म्हणणार आहे. एवढी चैन तरी मी करून घेते.

आमच्या कोळीवाड्याने त्याच्या डोक्यावर आतापर्यंत चार लाल टोप्या घातल्या. नगरसेवक झाला तेव्हा पहिली, आमदार झाला तेव्हा दुसरी, राज्यमंत्री झाला तेव्हा तिसरी आणि पुरा मंत्री झाला तेव्हा चौथी. बाकीच्यांना त्याची बढती पेपरातून कळते, आम्हाला टोपीवरून. टोपीबरोबर शाल, पापलेटांची जोडी आणि आमच्या घरचं जेवण. जेवण आमच्याकडेच, कारण माझे सासरे गावच्या पंचांत आणि सासूच्या हाताला चव. चव तिची, वाटण माझं.

आमचं गाव अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी. चारी बाजूंनी टॉवर आले, पण खाडीकाठचा एक पट्टा अजून मोकळा आहे. तिथे आमच्या वलांड्या. वलांडी म्हणजे ओळीने रोवलेले बांबू आणि त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्या. बोंबील आला की दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी दोरीवर टाकायची. ऊन आणि वारा मिळाला की बोंबील सुकतो, आणि आम्ही बायका तो पावसाळाभर विकतो. नवरे होडीवर असतात, पण घर चालतं ते वलांडीवर.

या जागेचा कागद कोणाकडेच नाही. कागद नसतो, बांबू असतो. ज्या घराचा बांबू, त्या घराची जागा, आणि तो सासूकडून सुनेकडे येतो. माझं लग्न झालं तेव्हा सासूने मला देवापुढे नेलं, मग थेट वलांडीवर आणून आमच्या पहिल्या बांबूला कुंकू लावायला लावलं. पावसाळ्यात दोऱ्या सोडून घरात ठेवायच्या, पण बांबू काढायचे नाहीत. ते पावसात भिजत उभे राहतात. उभे आहेत म्हणजे जागा आपली, हे जुन्या बायकांनी घालून दिलेलं.

आणि ही जागा जाणार अशी आवई माझ्या लग्नाच्या आधीपासून होती. कधी म्हणत रस्ता येणार, कधी म्हणत बाग. म्हणून आम्हाला साहेब लागला.

तो कोळी नाही. दिंडोशीच्या एका कॉलनीत वाढलेला, आईबाप कोकणातले, बाप गिरणीत. बापाची गिरणी बंद पडली ही गोष्ट तो प्रत्येक भाषणात सांगतो. पहिल्या वेळी सांगितली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. चौथ्या वेळेपर्यंत त्या गोष्टीत अनवाणी शाळेत जाणं, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास आणि उपाशी झोपणारी आई अशी भर पडली होती. बापाला गिरणी बंद पडल्याचं दुःख झालं असेल. मुलाने मात्र त्या बंद गिरणीतून बापापेक्षा जास्त कमावलं.

नगरसेवक झाला तेव्हा तो आमच्या ओटीवर मांडी घालून बसला. सुरमईचं डोकं चोखून चोखून खाल्लं. तेव्हा त्याचं पोट सपाट होतं आणि हात स्वतःचा स्वतः धुवायचा.

"मावशी, ही जागा तुमचीच," तो सासूला म्हणाला. "कोण हात लावतो ते मी बघतो."

"बघू नको. कागद आन," सासू म्हणाली. ती अंधेरीच्या बाजारात मासळी विकते, मोठमोठ्या गाडीवाल्यांना उभं करून बोलते. मला तिची भीती वाटायची आणि हेवाही.

"अहो, मी साधा नगरसेवक. माझ्या हातात गटार आणि दिवे. आमदार करा, मग बघा."

आमदार केलं. पुन्हा टोपी, पुन्हा सुरमई. या वेळी खुर्चीवर बसला, कारण गुडघा दुखत होता. सासूने पुन्हा कागदाचा विषय काढला.

"मावशी, मी सरकारात कुठेय? विरोधातला आमदार म्हणजे नुसता ओरडायला. सरकार आपलं येऊ दे."

सरकार आलं. त्याचं की दुसऱ्याचं, ते मला नीट कळलं नाही, कारण मधे त्याच्या गळ्यातल्या पंच्याचा रंग बदलला होता. तो राज्यमंत्री झाला आणि खातं मिळालं मासेमारीचं. गावात फटाके वाजले. सासरे म्हणाले, "आता आपला मानूस आपल्या खात्यात." मलाही त्या दिवशी बरं वाटलं होतं, ते नाकारत नाही.

मंत्री झाल्या झाल्या तो अभ्यासाला परदेशी गेला. स्कॉटलंड नावाचा देश. नवऱ्याने मला मोबाइलवर दाखवला, पार वर, थंडीत. तिथे मोठी बंदरं, मोठ्या होड्या. परत आला आणि तिसरी टोपी घ्यायला आला तेव्हा त्याचा पीए फोटो फिरवत होता. तिथल्या एका मंत्र्याशी हात मिळवताना, होडीवर, बर्फात ठेवलेल्या माशांपुढे.

"तो मंत्री माझा दोस्तच झाला," तो सासऱ्यांना सांगत होता. "शाळा, कायदा, पैसा, मासळी, सगळी खाती फिरून आलेला माणूस. मला म्हणाला, आपण दोघं सारखेच."

त्या गोऱ्या माणसाने तिकडे काय दिवे लावले मला माहीत नाही. कदाचित खरंच कामाचा असेल. पण एका खुर्चीवरून उठून दुसरीवर बसणं हेच ज्याला काम वाटतं, त्याला सगळे खुर्चीवाले सारखेच दिसणार.

"तिकडून काय शिकलास?" सासूने विचारलं. ती मंत्र्यालाही अरेतुरेच करायची.

"मावशी, वास नाही. एवढं मोठं बंदर, पण वास म्हणून नाही."

"मंग मासली मेलेली असंल."

बसलेले सगळे हसले. तोही हसला, पण नाकाला रुमाल लावून. आमच्या ओटीवरून वलांड्या दिसतात, आणि त्या दिवशी दोऱ्या बोंबलाने भरलेल्या होत्या. याच ओटीवर बसून त्याने डोकी चोखली होती.

सासूने कागदाचं विचारलं. त्याने हात वर केले. "मासळी माझ्याकडे, पण जमीन महसूल खात्याकडे. तिथे माझं चालत नाही."

"म्हंजे बोंबील तुझा आन् दोरी त्याची?"

"असंच समजा."

तो गेल्यावर सासू ओटी धूत बसली. मी पाणी ओतत होते. "चोर मेला," ती म्हणाली, "पन गोड चोर." सासऱ्यांनी तिला गप्प केलं. पंचांना त्याच्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं. त्याच्याबरोबरचे फोटो सगळ्या पंचांच्या घरात भिंतीवर होते, देवांच्या शेजारी. आमच्याकडेही आहे. फोटोत सासरे त्याच्याकडे बघतायत आणि तो कॅमेऱ्याकडे.

मग पुन्हा पंच्याचा रंग बदलला आणि तो पुरा मंत्री झाला. खातं मिळालं महसूल.

म्हणजे जमीन. आता मधे कोणीच उरलं नव्हतं. मासळीवाला म्हणायचा जमीनवाल्याकडे जा, आणि आता जमीनवालाही तोच. सासऱ्यांना त्या आठवड्यात जेवण सुचेना, एवढे खूश. पंचांनी ठरवलं, नारळी पुनवेला गावाचा मानाचा नारळ त्याच्या हातून द्यायचा, आणि सगळ्यांसमोर जागेचं बोलायचं.

पीए जागा बघायला आला. बारीक मुलगा, सतत फोनवर. आमच्या गल्ल्या अरुंद. त्याने खाडीकाठचा पट्टा पाहिला आणि विचारलं, "इथे गाडी वळायला जागा आहे ना?"

एवढंच विचारलं. बांबू काढा असं तो म्हणाला नाही. पण पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्यात पाहुण्याच्या वाटेत काही उभं ठेवत नाहीत. लग्नाच्या वरातीला लोक दारातलं तुळशीवृंदावन सरकवतात. तीच रीत त्यांनी इथे लावली. मंत्री येणार, त्याच्या गाड्या वळणार, मंडप पडणार, मग मधे वाळलेले बांबू कसे दिसतील? सासरे म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न हाय. पुनव झाली की परत रोवू. नाय तरी दोऱ्या सोडलेल्याच हायत."

सासू दारात उभी राहिली. "माझ्या सासूने बांबू काढला नव्हता. वादळात घर पडला, तवा पन नाय काढला."

"तुला मोठ्या मानसांशी वागायचा कसा, कललाच नाय कधी."

"मोठा मानूस!" ती म्हणाली आणि आत गेली. पण घरच्या पुरुषाने पंचांत शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली आणि आमचे बांबू तिनेच उपटले. दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. मी दुसरं टोक धरलं होतं. पावसाने जमीन मऊ झाली होती, बांबू सहज निघाले. गावातल्या सगळ्या बायकांचे निघाले. संध्याकाळी तो पट्टा मी जन्मात पहिल्यांदा मोकळा पाहिला. तिथे क्रिकेट खेळता आलं असतं.

पुनवेची भरती दुपारची असते. नारळ भरल्या पाण्याला द्यायचा. आम्ही नऊवारी नेसून, केसांत गजरे घालून दुपारपासून उभ्या. बँड वाजून वाजून थकला. पाणी चढलं, थांबलं, उतरायला लागलं. तो आला ऊन कलल्यावर, तेव्हा खाडीत पाण्याऐवजी चिखल दिसत होता. कांदिवलीला एका पुलाची फीत कापायला गेला होता म्हणे.

चौथी टोपी घातली. भाषणात गिरणी पुन्हा बंद पडली. मग तो काठावर गेला आणि सोनेरी कागद लावलेला नारळ त्याने फेकला. नारळ चिखलात रुतून बसला. फोटोवाला म्हणाला, "साहेब, बरोबर आलं नाही." मग त्याचे दोन कार्यकर्ते गुडघाभर चिखलात उतरले, त्यांनी नारळ काढून आणला, बाटलीतल्या पाण्याने धुतला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला.

समुद्राला दिलेला नारळ परत घेतला. आमच्या पंचांसमोर, बँडसमोर. माझी सासू तेवढी मागे फिरली आणि घरी जाऊन दार लावून बसली. त्याला त्यात काही वावगं दिसलंच नाही. फोटो चांगला आला यातच तो खूश. समुद्रही त्याच्या लेखी एक खातंच होतं, जमलं नाही तर परत घ्यायचं.

मग मंडपात सासऱ्यांनी हात जोडून जागेचं सांगितलं. तो माईकवर म्हणाला, "काका, मी आश्वासन देत नाही, काम करतो. मोजणीवाले सोबत आणलेत. आजच्या आज मोजणी!" टाळ्या पडल्या. खरंच, त्याच्या गाड्यांमागे मोजणीची माणसं आली होती. त्यांनी तिपाईवर यंत्र लावलं, पट्टा मोजला, चारी कोपऱ्यांतून फोटो काढले. सासरे प्रत्येक कोपऱ्यावर त्यांच्याबरोबर फिरत होते, चहा देत होते. मी मंडपामागे पापलेटं तळत होते आणि तिथून मोकळी जमीन दिसत होती.

मोजणीचा कागद हातात येईपर्यंत बांबू रोवायला नकोत, असं पंचांनी ठरवलं, आणि गणपती गेल्यावर पट्ट्यावर पाटी लागली. दोन लोखंडी खांब आणि वर पत्रा. शासकीय मोकळी जागा, असं मोठ्या अक्षरांत. खाली लिहिलं होतं की इथे खाडीकिनारा सुशोभीकरण आणि वाहनतळ होणार.

मी ती पाटी सासूला वाचून दाखवली. तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचली.

सासरे त्याच्या दिंडोशीच्या ऑफिसात निघाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून मी बरोबर. कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून सासूने सोड्यांचा डबा दिला. सोललेली, सुकवलेली कोलंबी. त्याला फार आवडते. "माझ्या हाताने त्याला नाय देनार," ती मला म्हणाली, "तू दे."

बरंच बसावं लागलं. समोर काचेचं कपाट होतं. त्यात तलवारी, चांदीच्या गदा, कागदाच्या होड्या, त्या थंड देशातून आणलेला छोटा बाहुला, आणि आमच्या टोप्या. चारही. एकीवर एक, उतरंडीसारख्या. सगळ्यात खालची विटली होती.

तो आला तेव्हा चांगलं बोलला. तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी डबा टेबलावर ठेवला. त्याने झाकण किंचित उघडून पाहिलं आणि म्हणाला, "वा, मावशींनी आठवण ठेवली."

सासरे म्हणाले, "साहेब, पाटी लागली. मोकली जागा म्हनून."

"काका, मी तुमच्या डोळ्यांसमोर मोजलं ना? लपून काही केलं का? जागेवर काहीच नव्हतं."

"साहेब, तुमच्यासाठीच काढले होते बांबू."

"मी काढा म्हटलं होतं?"

खरोखरच त्याने म्हटलं नव्हतं. पीए दारात उभा राहून फोनमध्ये बघत होता. त्यानेही म्हटलं नव्हतं. सत्तरी गाठलेला माणूस, आयुष्यभर वादळात होडी हाकलेली. आणि हा समोर टेबलावर पेन फिरवत बसलेला.

"आणि आता ते माझ्याकडे राहिलंच नाही," तो म्हणाला. "महसूलचं काम मोजणीपुरतं. पुढे पर्यटन खातं. तिथे अर्ज टाका. पण ऐका, खातेबदल होतोय. पर्यटन मलाच मिळेल असं दिसतंय. मग बघतो." मग माझ्याकडे वळला. "सूनबाई अजून बोलत नाहीत वाटतं? इतकी वर्षं बघतोय."

मी उठले, टेबलावरचा डबा उचलला, झाकण घट्ट बसवलं आणि पिशवीत टाकला. त्याचा हात डब्याजवळच होता. पीए म्हणाला, "ओ बाई, तो साहेबांचा..." मी चालू लागले. सासरे मागे मागे आले.

बसथांब्यावर ते म्हणाले, "दिलेली वस्तू परत उचलतात का गो?"

"त्याने नारळ उचलला ना, बाबा."

सासऱ्यांनी पिशवीतला डबा चाचपला. मग म्हणाले, "घट्ट लावलास ना झाकन? सोडे सादळतील." बस आली तेव्हा त्यांनी डब्याची पिशवी माझ्याकडून घेतली आणि मांडीवर धरून बसले.

घरी आल्यावर सासूने डबा पाहिला. काय झालं ते विचारलं नाही. रात्री त्याच सोड्यांचं कालवण केलं, वांगं घालून. जेवताना सासरे तिच्याकडे न बघता म्हणाले, "बांबू कुठे ठेवलेस?"

"घरामागे. सुकवून, तेल लावून."

सकाळी आम्ही गेलो. आधी आमच्या घरच्या, मग बाकीच्या बायका आपापले बांबू घेऊन आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. जमीन आता कडक झाली होती, पहारीने खड्डे मारावे लागले. खड्डे सासरेच मारत होते, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, अंदाजाने. आमची ओळ अशी आली की पाटीचे दोन्ही खांब मधे येत होते. सासू म्हणाली, "लोखंड हाय. मजबूत हाय." आम्ही दोरी त्या खांबांनाही बांधली. पहिल्या बांबूला मी कुंकू लावलं, या वेळी कोणी सांगायच्या आधी.

जागा वाचली असं मी म्हणणार नाही. पंचांनी वकील केलाय, तारखा पडतायत. पोलीस दोनदा येऊन बघून गेले. पाटी आहे, पाटीवरचा मजकूर आहे, पण या मोसमात बोंबील भरपूर आला आणि तो मजकूर बोंबलांमागे नीट दिसत नाही.

खातेबदल झाला. पर्यटन त्यालाच मिळालं, शिवाय आणखी एक खातं, ज्याचं नाव मला पाठ होत नाही. पेपरात फोटो आला, शपथ घेताना. एवढ्या शपथा घेऊन माणसाच्या जिभेला काही होत नाही, ही देवाचीच करणी.

परवा दुपारी पीएचा फोन आला. मी वलांडीवर जोड्या टाकत होते, सासरे सावलीत बसून मला बोंबील हातात देत होते. त्यांनी फोन कानाला लावला, पण त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा होता. मला सगळं ऐकू आलं. साहेबांचा सत्कार ठेवायचा म्हणत होता, गावाने नेहमीसारखा.

"आणि काका, तिथे गाडी वळायला जागा आहे ना?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दोऱ्यांकडे.

"नाय," ते म्हणाले. "बोंबील हाय."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि पुढची जोडी माझ्या हातात दिली.